जुन्या इमारतीला बाहेरून कारखान्यात तयार केलेली पॅनेल लावणे: मतदानापूर्वी काय विचारावे?

हॅनोवरवासी:
नमस्कार. आम्ही जर्मनीतील हॅनोवर शहराजवळ १९६२ साली बांधलेल्या बारा सदनिकांच्या इमारतीत राहतो. भिंती विटांच्या असून त्यांवर नुसता गिलावा आहे. शयनगृहाच्या उत्तरेकडील कोपऱ्यातले कपाट सरकवले की मागे दर डिसेंबरात काळी बुरशी दिसते. येत्या सभेत दोन प्रस्ताव आहेत. पहिल्यात परांची बांधून भिंतीवर उष्णतारोधक थर चिकटवायचा आणि वर गिलावा करायचा. दुसऱ्यात खिडक्या आधीच बसवलेली, लाकडी चौकटीची पॅनेल क्रेनने आणून भिंतीला जोडायची. दुसऱ्याचा खर्च अधिक आहे, परंतु सरकारी साहाय्यही अधिक मिळते आणि रहिवाशांना घर सोडावे लागत नाही, असे सांगण्यात आले आहे. शेजारच्या वृद्ध बाईंनी मला विचारले, "भिंत अशी झाकून टाकली तर बुरशी वाढणार नाही ना?" मला उत्तर देता आले नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा:
त्या बाईंचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. कोपऱ्यातली भिंत आतून थंड असते, घरातली दमट हवा तिला लागली की ओल धरते आणि तिथे बुरशी येते. थर बाहेरून दिला की तीच भिंत उबदार राहते, त्यामुळे हे कारण पुष्कळसे नाहीसे होते. मात्र नव्या खिडक्या घट्ट बंद होतात. पूर्वी फटींतून आपोआप होणारी हवेची ये-जा थांबते आणि स्वयंपाकाची, अंघोळीची वाफ घरातच राहते. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देणारी वायुवीजन यंत्रणा प्रस्तावात आहे का, हे आधी पाहावे. काही पॅनेलांमध्ये तिच्या नळ्या कारखान्यातच बसवलेल्या असतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. साठ वर्षांची भिंत कधीच पूर्ण ओळंब्यात नसते. कुठे दोन सेंटिमीटर बाहेर, कुठे तीन आत. इमारतीचे लेसरने मोजमाप करून त्यावरून पॅनेल कापली जातात, तरीही सरळ पॅनेल आणि वाकडी भिंत यांच्यामध्ये पोकळी राहतेच. ती दाबली जाणाऱ्या मऊ उष्णतारोधकाने पूर्ण भरली नाही, तर तिच्यात थंड हवा खेळते आणि बाहेरच्या जाड थराचा बराचसा उपयोग वाया जातो. भिंतीतून किती ऊब बाहेर जाते याचा कागदावरचा आकडा कितीही सुंदर दिसला तरी मी आधी या पोकळीचा छेद, म्हणजे भिंत कापल्यासारखे आतले थर दाखवणारे रेखाचित्र, मागतो. दोन पॅनेलांमधला सांधा, खिडकीच्या कडा आणि जोत्याजवळचा तपशीलही मागावा. अग्निरोधक पट्टे प्रत्येक मजल्यावर कसे येणार आहेत, हेही लेखी घ्यावे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. ती आग जुन्या इमारतीवर नंतर चढवलेल्या आवरणातूनच पसरली होती. तुमची इमारत बुटकी आणि साहित्य वेगळे असले तरी हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

आइंडहोवन:
मी नेदरलँड्समध्ये अशाच पद्धतीने दुरुस्त केलेल्या ओळीतल्या घरात भाड्याने राहते. या पद्धतीला बळ देणारा 'एनर्जीस्प्राँग' कार्यक्रम इथलाच. २०१३ साली बांधकाम कंपन्या आणि घरे भाड्याने देणाऱ्या गृहनिर्माण संस्थांनी १,११,००० घरांचा करार केला होता, पण प्रत्यक्षातले काम त्या आकड्याच्या जवळपासही पोचले नाही. तरीही झालेल्या कामाचा दर्जा मी नाकारणार नाही. आमच्याकडे पॅनेल लागताना सकाळी जुनी खिडकी निघाली आणि संध्याकाळी त्याच जागी नवी होती. भिंतीला हात लावला तर जानेवारीतही गारठा लागत नाही. त्रास झाला तो वायुवीजन यंत्राचा: पहिल्या हिवाळ्यात त्याची घरघर रात्री झोपू देत नव्हती, आणि त्यातली हवेची गाळणी कोणी बदलायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. आमच्या गृहनिर्माण संस्थेने ती बदलायला आठ महिने घेतले. काढली तेव्हा ती काजळीसारखी काळी झाली होती. देखभाल कोणाची आणि किती वर्षांची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या.

सभासद_मत:
कायद्याविषयी थोडे. डिसेंबर २०२० पासून जर्मनीत इमारतीतल्या बांधकाम बदलाला साध्या बहुमताने मंजुरी देता येते. परंतु खर्च सर्व मालकांवर पडण्यासाठी दिलेल्या मतांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक मते आणि एकूण मालकी हिश्श्यांपैकी निम्म्याहून अधिक हिस्से लागतात, किंवा तो खर्च वाजवी मुदतीत भरून निघणारा असावा लागतो. तेव्हा मंजुरी मिळाली म्हणजे खर्चाची वाटणीही ठरली, असे समजू नये. साहाय्यासाठी अर्ज केव्हा करायचा आणि कंत्राटावर सही केव्हा, हा क्रमही सल्लागाराकडून लेखी घ्यावा. क्रम चुकला तर मिळणारे साहाय्य हातचे जाऊ शकते.

हॅनोवरवासी:
मनापासून आभार. आमच्या बाल्कन्यांचे काय, हा प्रश्न राहिला. त्यांचा स्लॅब खोलीतल्या स्लॅबमधूनच सलग बाहेर आलेला आहे.

ओळंबा:
तोच खरा अवघड भाग आहे. तो काँक्रीटचा स्लॅब थरातून आरपार बाहेर येतो आणि घरातली ऊब बाहेर नेतो. त्याच्या मुळाशी बुरशी पुन्हा येण्याचा धोका राहतो. काही प्रकल्पांत जुनी बाल्कनी कापून समोर स्वतंत्र खांबांवर नवी उभारतात, काहींत स्लॅब चहूबाजूंनी गुंडाळतात. पहिला मार्ग महाग पण खात्रीचा. पुंगीवाल्याच्या गोष्टीमुळे आपल्याला ठाऊक असलेले हामेल्न तुम्हाला जवळच आहे. तिथल्या १९३० च्या दशकातल्या बारा सदनिकांच्या इमारतीवर एनर्जीस्प्राँगच्या पॅनेल पद्धतीचा जर्मनीतला पहिला प्रकल्प २०२१ साली पूर्ण झाला. सभेपूर्वी एका रविवारी त्या बाईंना घेऊन तिथे जा, आणि शक्य झाले तर एखाद्या रहिवाशाला विचारा की कपाटामागची भिंत आता कशी आहे.