गोव्याचं आभासी आकाश: स्वतःचं नेटवर्क उभारायचं की जगाच्या नेटवर्कात जायचं?

म्हापशेकरीण

मंडळी, एका विषयावर तुमची स्पष्ट मतं हवी आहेत. आम्ही चौघं, दोघं फोंड्याचे, एक पेडण्याचा आणि मी म्हापशाची, वर्षभर संगणकावर विमानं उडवतोय. एकट्यानं उडवायचा कंटाळा आला की माणूस नेटवर्ककडे वळतो. तिथं आजूबाजूच्या विमानांत खरी माणसं असतात आणि टॉवरमध्ये कंट्रोलर म्हणूनही खरं माणूस बसलेलं असतं. जगात अशी दोन मोठी नेटवर्कं आहेत, १९९८ पासूनचं आयव्हाओ आणि २००१ पासूनचं व्हॅटसिम. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हींकडचे कंट्रोलर स्वयंसेवक.

अडचण अशी की आम्ही बसतो तेव्हा गोव्याला बहुतेक वेळा कंट्रोलरच नसतो. गेल्या शनिवारी मी दाबोळीहून मुंबईला निघाले. दाबोळी रिकामी. युनिकॉमवर, म्हणजे कंट्रोलर नसताना सगळ्यांनी वापरायच्या वाहिनीवर, स्वतःच लिहायचं, "रनवे २६ वरून निघतेय", आणि निघायचं. मुंबईला उतरेपर्यंत एका माणसाशी एक शब्द बोलले नाही. मग नेटवर्कवर असून उपयोग काय?

म्हणून आमचा बेत आहे फक्त गोव्यापुरत्या छोट्या नेटवर्कचा. दाबोळी आणि मोपा हे गोव्याचे विमानतळ, शेजारचं सिंधुदुर्गातलं चिपी आणि बेळगाव. फ्लाइटगिअर हे सिम्युलेटर मोफत आहे, जुन्या संगणकावरही चालतं आणि त्याचा मल्टिप्लेअर सर्व्हर स्वतः चालवता येतो. आवाजासाठी मम्बल हे बोलण्याचं सॉफ्टवेअर आणि त्यावर विमानाच्या रेडिओची नक्कल करणारं एफजीकॉम, रडारच्या पडद्यासाठी एटीसी-पाय. सगळं मुक्त स्रोतातलं. भाड्याच्या सर्व्हरवर तीन वेळा करून पाहिलं. दोनदा छान झालं. तिसऱ्यांदा पेडण्याचा मुलगा फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, पाचशे फुटांवर होता. माझ्या पडद्यावर त्याचं विमान दोन सेकंद जागीच थिजलं आणि मग एकदम दीडशे मीटर पुढे उडी मारून आलं. मी तोवर दुसऱ्याला धावपट्टीवर घेतलं होतं. छातीत धस्स झालं. खेळ आहे हे त्या क्षणी अजिबात आठवलं नाही.

आणि म्हणूनच हे करावंसं वाटतं. तुमचं मत सांगा.

फोंड्याचा जॉयस्टिक

ताई, त्या चौघांतला मी एक, तरी इथं विरोधात लिहितोय. सर्व्हर उभा करायला एक रविवार पुरतो. आकाश भरायला माणसं लागतात आणि ती आपल्याकडे नाहीत. चौघांत एक टॉवरवर बसला की विमानं तीन. त्यातल्या एकाच्या घरी पाहुणे आले की दोन. दोन विमानांना कंट्रोलर लागतच नाही, ती एकमेकांना बघून उतरतात.

उलट व्हॅटसिमवर कंट्रोलर ऑनलाइन दिसला की लोक तिकडे वळतात. मी बघितलंय. एरवी कुत्रं न फिरकणाऱ्या विमानतळावर कोणीतरी टॉवर उघडतो आणि अर्ध्या तासात तिथं कुठकुठची पोरं रांगेत उभी असतात. म्हणजे दाबोळी रिकामी दिसते यावर औषध एकच, आपल्यातल्या दोघा-तिघांनी तिथं रीतसर शिकून कंट्रोलर व्हायचं. तिथल्या पायऱ्या अशा: एस१ झालं की डिलिव्हरी (निघायची मंजुरी) आणि ग्राउंड (जमिनीवरची ये-जा), एस२ ला टॉवर (धावपट्टी), एस३ ला ॲप्रोच (विमानतळाजवळचं आकाश), सी१ ला सेंटर (दूरचं आकाश). वेळ लागतो, मान्य. पण शिकवणारी अनुभवी माणसं तिथं आयती मिळतात. आपल्याकडे आपल्याला कोण शिकवणार?

आणि खरं आकाश गोव्यापुरतं कधीच नसतं. गोवा मुंबईच्या उड्डाण माहिती क्षेत्रात येतं. दाबोळीहून उडालेलं विमान थोड्याच वेळात मुंबईच्या हाती जातं. आपण गोव्याभोवती कुंपण घातलं, तर "कॉन्टॅक्ट मुंबई" म्हणणार कोणाला? पलीकडे कोणीच नसेल.

म्हापशेकरीण

फोंड्याच्या दादा, "शिकून घ्या" म्हणणं सोपं आहे. व्हॅटसिमला किमान वय १३ आहे. माझ्या मामेभावाला अकरावं चालू आहे आणि रनवे २६ वर तो माझ्यापेक्षा नीट उतरतो. त्याला दोन-तीन वर्षं थांबायला सांगू?

दुसरं म्हणजे भीती. जगभरच्या लोकांसमोर माइकचं बटण दाबून पहिल्यांदा इंग्रजीत बोलायचं, या एका गोष्टीला घाबरून आमच्यातला एक जण सहा महिने फक्त टाइप करत होता. आमच्या छोट्या सर्व्हरवर तो पहिल्याच दिवशी बोलला. अडखळला, परत बोलला, कोणी हसलं नाही. हे मला फार मोलाचं वाटतं.

निवृत्त टॉवर

बाय, मी आयुष्यभर हे काम केलं. कुठल्या विमानतळावर ते महत्त्वाचं नाही. नेटवर्क मोठं की लहान या वादात मला पडायचं नाही. तुम्ही मम्बल वापरताय, त्याबद्दल बोलतो.

फोनवर दोघं एकदम बोलले तरी दोघांचं थोडंथोडं ऐकू येतं. विमानाचा रेडिओ तसा नाही. एकाच वेळी दोघांनी बटण दाबलं की तिसऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात हेच झालं. टॉवरनं केएलएम कंपनीच्या विमानाला थांबायला सांगितलं, त्याच क्षणी पॅन ॲम कंपनीच्या विमानाचा वैमानिक "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" असं सांगत होता. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी पोचली. दोन्ही विमानं धावपट्टीवर आदळली, ५८३ माणसं गेली. तेव्हापासून "टेक-ऑफ" हा शब्द आम्ही फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारतो. इतर वेळी "डिपार्चर".

तेव्हा तुमच्या सर्व्हरवर दोघं एकदम बोलले तर काय ऐकू येतं, ते आधी तपासा. दोघंही स्वच्छ ऐकू येत असतील तर मुलांना चुकीची सवय लागेल. "जरा थांब, वाहिनी मोकळी आहे का ऐक, मग बोल" ही शिस्त शिट्टी ऐकल्याशिवाय लागत नाही.

आणि रीडबॅक. कंट्रोलर जे म्हणाला ते वैमानिकानं जसंच्या तसं परत म्हणायचं आणि कंट्रोलरनं ते कान देऊन ऐकायचं. नवशिका कंट्रोलर स्वतःचं वाक्य संपलं की पुढच्या विमानाकडे बघायला लागतो. रीडबॅक त्याच्या कानावरून जातो. माझ्या उमेदवारीच्या काळात मीच एकदा चुकीची उंची परत म्हटलेली तशीच जाऊ दिली. शेजारी बसलेल्या वरिष्ठांनी माझ्या हातावरून स्वतःचा हात नेऊन बटण दाबलं आणि दुरुस्त केलं. बोलले काहीच नाहीत. तो हात आजही आठवतो.

असा शेजारी बसणारा माणूस तुमच्या नेटवर्कवर असणार आहे का? नसेल तर माझा विरोध आहे.

साखळीचा सर्व्हर

काकांचा मुद्दा तपासला. एफजीकॉममध्ये अंतर मोजलं जातं. खऱ्या व्हीएचएफ रेडिओसारखं ते नजरेच्या रेषेवर चालतं, म्हणजे उंची वाढली की पल्ला वाढतो. ढोबळ हिशेब असा: फुटांतल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १.२३, की उत्तर सागरी मैलांत. दहा हजार फुटांवर १२३ मैल.  एकदम बोलण्याची शिट्टी चारजणांत नीट ऐकून मगच खात्रीनं सांगेन.

आता विमान थिजण्याबद्दल. म्हापशाच्या ताई, तो दोष बहुतेक सर्व्हरचा नाही. विमानाची जागा यूडीपीनं, म्हणजे हरवलेली माहिती परत न पाठवणाऱ्या पद्धतीनं, छोट्या पाकिटांत पाठवतात, कारण दोन सेकंद जुनी जागा उशिरा पोचून काही कामाची नसते, ती हरवली तरी चालते. पुढचं पाकीट येईपर्यंत तुमचा संगणक अंदाजानं विमान सरकवत राहतो. बराच वेळ पाकीटच आलं नाही की विमान थांबतं, आणि आलं की उडी मारतं. १४० नॉटला सेकंदाला ७२ मीटर होतात, म्हणजे तुमचे दीडशे मीटर बरोबर जुळतात. पावसात पेडण्याला लाइन दोन सेकंद गेली असणार. घरचं वायफाय सोडून केबल लावा, राउटरला छोटा यूपीएस लावा. पंधरवडाभर हे करा आणि मग सर्व्हरला दोष द्या.

नेटवर्क वाढलं तर मात्र पैसे लागतील. ३० विमानं, प्रत्येकी सेकंदाला १० पाकिटं, आणि प्रत्येकाचं उरलेल्या २९ जणांना पाठवायचं. म्हणजे सेकंदाला ८,७०० पाकिटं. एक पाकीट एक किलोबाइटचं धरलं तर साधारण ७० मेगाबिट. चिपीवरच्या विमानाला बेळगावच्या पार्किंगमधलं विमान दाखवायची गरज नसते, तेव्हा अंतरावरून गाळणी लावली की हा आकडा झपाट्यानं खाली येतो. ही गाळणी पहिल्या दिवसापासून हवी. मी स्वतःच्या सर्व्हरच्या बाजूनं आहे, आणि कारण हेच. हे आतलं यंत्र कसं फिरतं ते दुसऱ्याच्या नेटवर्कवर कधीच कळत नाही.

डिचोलीचे मास्तर

मला एक कळत नाही. नेटवर्क आपलं, मुलं आपली, तर बोलणं मराठीत का नको? फ्रान्समध्ये फ्रेंच वैमानिक टॉवरशी फ्रेंचमध्ये बोलतो, आंतरराष्ट्रीय नियमांतही जमिनीवरच्या केंद्राच्या भाषेला जागा आहे. माझ्या वर्गातली मुलं इंग्रजीच्या धास्तीनं माइक हातात घेत नाहीत. "धावपट्टी २६, उतरण्यास परवानगी" यात काय बिघडतं?

निवृत्त टॉवर

मास्तर, तुमची कळकळ पटते, तरी नको. रेडिओवर एकजण बोलतो आणि दहाजण ऐकतात. त्या ऐकण्यावरूनच प्रत्येक वैमानिकाच्या डोक्यात आकाशाचं चित्र तयार होतं: पुढे कोण, खाली कोण, धावपट्टीवर कोण. दोन भाषा चालू झाल्या की काहींना अर्धंच चित्र दिसतं.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदी विमान १४,००० फुटांवर होतं, कझाक विमानाला १५,००० दिली होती. कझाक विमान दिलेल्या उंचीच्या खाली आलं. त्या कॉकपिटमध्ये इंग्रजी संभाषण सांभाळणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा होता, आणि तो म्हणाला ते बाकीच्यांपर्यंत वेळेत पोचलं नाही. दोन्ही विमानं हवेत आदळली, ३४९ माणसं गेली. त्यानंतर आपल्या देशात विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं.

शब्दावली इंग्रजीच ठेवा. एकूण शंभरेक वाक्यं आहेत, नववीतलं मूल महिन्यात पाठ करतं. शिकवा मात्र मराठीत. "होल्ड शॉर्ट" म्हणजे नेमकं कुठल्या रेषेआधी थांबायचं, "लाइन अप अँड वेट" म्हणजे धावपट्टीवर येऊन उभं राहायचं पण निघायचं नाही, हे मराठीत समजावलं तर इंग्रजीची धास्ती आपोआप जाते.

डिचोलीचे मास्तर

शिकवणं मराठीत, हे मान्य. पण माझ्या पहिल्या तासाला मी मुलांना मराठीतच बोलू देणार, फक्त त्या तासापुरतं. यावर तडजोड नाही.

बायण्याचा रहिवासी

एका गोष्टीबद्दल कोणीच बोललं नाही. दाबोळी हा नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. तिथला टॉवरही नौदलच चालवतं. आमच्या घरावरून मिग-२९के जातात तेव्हा भांडी वाजतात. तुम्ही दाबोळी उभारणार, तर उद्या कोणी हौशी मुलगा तिथल्या लष्करी विमानांच्या वेळा बघून नेटवर्कवर "खरंखुरं" करायला जाईल. मोपा पूर्ण नागरी आहे. फक्त मोपा करा.

साखळीचा सर्व्हर

भाऊ, भीती रास्त आहे. नियम असा करू: विमानतळ प्राधिकरण वैमानिकांसाठी जे नागरी नकाशे जाहीर करतं तेवढेच वापरायचे, लष्करी उड्डाणं अजिबात नाहीत. आपलं सगळं बोलणं इंटरनेटवर, खऱ्या रेडिओ लहरींशी काही संबंध नाही. पण दाबोळी सोडणं मला पटत नाही. दोन विमानतळ इतके जवळ आहेत, एकाची येणारी रांग दुसऱ्याच्या जाणाऱ्या रांगेला छेदते. ॲप्रोचचं शिक्षण तिथंच आहे.

बायण्याचा रहिवासी

मला पटलेलं नाही. शिक्षण मोपा आणि चिपीवरही होतं.

पेडण्याचा पोर

ज्याचं विमान थिजलं तो मीच. केबल आजच लावली.

मी बीएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित. मोपाचं विमानतळ आमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. ५ जानेवारी २०२३ ला पहिली विमानं उतरली तेव्हा आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो. मला कंट्रोलरच व्हायचंय. प्राधिकरणाच्या भरतीत या नेटवर्कचा एक गुणही मिळत नाही, ते माहीत आहे. पण निवड होऊन प्रयागराजला प्रशिक्षणाला गेलो तर पहिल्या दिवशी आवाज कापू नये, एवढंच हवंय. व्हॅटसिमवर मी एस१ साठी अर्ज करतोय, आणि आपल्या सर्व्हरवर रोज सराव करणार. मला दोन्ही हवंय.

फोंड्याचा जॉयस्टिक

तू दोन्ही करशील रे, बाकीचे करणार नाहीत. सरावासाठी वेगळा सर्व्हर कशाला? युरोस्कोप या कंट्रोलरच्या रडार-सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन आहे, नकली विमानं सोडून टॉवरचा सराव होतो. माझं मत तेच आहे. महिन्याभरात चारऐवजी बारा माणसं झाली तर मी मुकाट्यानं सर्व्हरच्या खर्चात भाग घालीन. झाली नाहीत तर सर्व्हर बंद करून सगळ्यांनी व्हॅटसिमच्या प्रशिक्षणाला बसायचं. कबूल?

म्हापशेकरीण

कबूल. महिना चवथीनंतर मोजायचा, आधी कोणीच घरी बसणार नाही.

शनिवारी रात्री आठ ते साडेनऊ, फक्त मोपा. दाबोळीचं नंतर बघू, बायण्याच्या भाऊंशी अजून बोलायचं आहे. टॉवरवर पेडण्याचा पोर. काका, त्याच्या शेजारी बसायला तुम्ही याल का? तुम्हाला विमान उडवायचं नाही, नुसतं मम्बलवर ऐकायचं. त्यानं चुकीचा रीडबॅक जाऊ दिला की तुम्ही बटण दाबा.

निवृत्त टॉवर

येतो. बटण कुठलं ते नातवाकडून समजून घेतो. पोरा, शनिवारपर्यंत "से अगेन" म्हणायची लाज सोड. ऐकू आलं नाही तर विचारायचं, दहा वेळा विचारायचं.