आउटबोर्ड इंजिन दुरुस्त करावं की नवं घ्यावं? मदत हवी आहे

मंडळी, आम्ही पैठणला नाथसागरात मासेमारी करतो. होडीच्या मागं बाहेरून लावलेलं (आउटबोर्ड) दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन १४ वर्षांचं झालंय. खालच्या गिअरबॉक्सचं ऑइल दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे सील जाऊन आत पाणी शिरलं असणार. ते दुरुस्त होईल. पण कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजलं तर एका सिलिंडरला ११० आणि दुसऱ्याला ७५ पीएसआय, म्हणजे दुसरा कमजोर झालाय. मिस्त्री म्हणतात, नुसत्या पिस्टनच्या रिंगा टाकून भागेल. मला धीर होत नाही. सिलिंडरच झिजला असेल तर? गोड्या पाण्यामुळं बाहेरून गंज नाही, शिवाय वडिलांनी घेतलेलं, म्हणून टाकवत नाही. पण भर पाण्यात वारं सुटल्यावर बंद पडलं तर? धाकटा भाऊ सोबत असतो. बोअर करून (झिजलेला सिलिंडर आतून कापून एकसारखा करून) घेतलेलं इंजिन कुणी वापरलंय का? किती हंगाम चाललं? की सरळ नवं फोर-स्ट्रोक इंजिन घ्यावं?