मदत हवी आहे: श्वास आणि नाडीच्या बायोफीडबॅकने मेंदूत खरंच काही बदलतं का?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावासाठी विचारतेय. अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी. रात्रपाळी करून आला की छातीत धडधड, झोपेचं खोबरं. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल निघालं, तेव्हा डॉक्टरांनीच समुपदेशकांकडे धाडलं. तिथे बायोफीडबॅक करून घेतात, म्हणजे कानाला क्लिप लावून नाडी दाखवणाऱ्या स्क्रीनसमोर बसवतात. श्वास घेतला की नाडी वाढते, सोडला की उतरते. ती लाट जमेल तेवढी मोठी करायची. मिनिटाला साधारण ६ श्वास.

इथवर पटतं. रक्तदाब सावरणारी बॅरोरिफ्लेक्स यंत्रणा दहाएक सेकंदांचे हेलकावे घेते, श्वासही तेवढाच लांबवला की दोन्ही जुळून लाट उंच होते.

पण समुपदेशक म्हणतात, "याने मेंदूतली जोडणी बदलते." शोधाशोध केली तर दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मारा मॅथर यांच्या गटाचा २०२३ चा अभ्यास सापडला. पाच आठवडे सराव. एका गटाने नाडीची लाट वाढवायची, दुसऱ्याने दाबायची. स्वस्थ बसणं दोघांच्याही वाट्याला, त्यामुळे 'नुसत्या आरामाने झालं असेल' ही पळवाट बंद. (हे डोकं आवडलं.) लाट वाढवणाऱ्या तरुणांत अमिग्डाला (भीती-भावनांशी जोडलेला मेंदूतला खोल भाग) आणि कपाळामागचा मेंदूचा भाग यांच्यातला विश्रांतीतला मेळ वाढला.

माझी गाडी अडते ती एफएमआरआयवर. ते यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक टिपतं, चेतापेशींचं काम थेट नाही. श्वास बदलला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो, त्याने मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात किंवा आकसतात. मग दिसतंय ते मेंदूचं काम की नुसती रक्ताची ये-जा? जाणकारांनी सांगावं.

घरी सरावाला मनगटी घड्याळ चालेल का, हेही सांगा.

अवांतर: आईचं म्हणणं, "पैसे कशाला घालवता? कृषीनगरच्या ट्रॅकवर लोक फुकटात प्राणायाम करतात." तिला काय सांगू?

प्रतिसाद १

ताई, शंका रास्त आहे. सराव चालू असतानाचा स्कॅन आणि काही आठवड्यांनी नेहमीच्या श्वासात घेतलेला स्कॅन, हे दोन वेगळे धरा. तुम्ही म्हणता तो घोळ पहिल्यात जास्त. तुम्हाला सापडलेला निकाल दुसऱ्या प्रकारचा. तरी श्वास आणि नाडी सोबत मोजून त्यांचा वाटा गणिताने वजा करावा लागतो, आणि तो पुरता जात नाही. ईईजी (डोक्याला तारा लावून काढतात तो आलेख) मेंदूतली वीज थेट मोजतो, त्याला हा रक्ताचा त्रास नाही; पण अमिग्डालाइतकं खोल त्याला नीट दिसत नाही.

श्वासाचा धागा मेंदूपर्यंत जातो याला रक्तप्रवाहाशी संबंध नसलेला पुरावाही आहे. २०१७ मध्ये उंदरांच्या श्वासकेंद्रात अशा मूठभर पेशी सापडल्या, ज्या मेंदूला जागं ठेवणाऱ्या लोकस सेरुलियसला खबर देतात. त्या नष्ट केल्यावर उंदीर शांत झाले. उंदीर म्हणजे तुमचा भाऊ नव्हे, हे आलंच.

घड्याळापेक्षा छातीचा पट्टा घ्या. दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत लागतं. पट्टा हृदयाची वीज पकडतो, घड्याळातला प्रकाश हात हलला की चुकतो.

आईंना सांगा, अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी संथ केली तर लाट तशीच येते. कपालभातीने नाही, तिचा वेग फार. २००१ च्या एका युरोपीय अभ्यासात जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' म्हणतानाही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला होता. यंत्राचा उपयोग एवढाच की ज्याचा त्याचा वेग कळतो. कुणाचा साडेचार, कुणाचा साडेसहा.

धागाकर्ती

खूप आभार! आईला वाचून दाखवलं, ती खूश. पण त्याला सरावात मधेच गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. हे नॉर्मल आहे का?

प्रतिसाद २

श्वास संथ करायच्या नादात तो फार खोल घेत असणार. त्याने कार्बन डायऑक्साइड जास्त उतरतो आणि हेच होतं. संथ ठेवा, पण उथळ. पोट जेमतेम हलेल एवढाच. तरीही गरगरलं तर थांबा आणि समुपदेशकांना सांगा.