अमेरिकेतल्या खेड्यातलं सरकारी हायस्कूल, भाचीला नववीत टाकावं का?

धरमपेठची_आत्या
नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ डॉक्टर आहे, रेसिडेन्सी संपल्यावर वेस्टर्न कॅन्ससमधल्या एका लहान गावात लागला. जे-वन वेव्हरवर आहे (शिक्षण झाल्यावर मायदेशी परतायच्या व्हिसाच्या अटीतून सूट, बदल्यात डॉक्टर कमी असलेल्या भागात काम करायचं) त्यामुळे तीन वर्षं तिथेच काढावी लागणार. भाची आतापर्यंत नागपूरला आजी-आजोबांजवळ होती, आठवी झाली, आता ऑगस्टमध्ये तिकडे जायचंय. हायस्कूल एकच, नववी ते बारावी मिळून शंभरेक पोरं! घरी रोज यावरच चर्चा सुरू आहे. बाबा म्हणतात खेड्यातली सरकारी शाळा म्हणजे पोरीचं नुकसान, सीबीएसई चांगली चालू आहे, बारावीपर्यंत इथेच राहू द्या. वहिनी म्हणते पोरगी मला माझ्याजवळ पाहिजे. मला दोघांचंही पटतं म्हणून इथे विचारून राहिली. गणित-सायन्स नीट होतं का, एकटी पडेल का, फी किती? खेड्यात राहिलेल्यांनीच सांगा प्लीज, न्यू जर्सीचे अनुभव नकोत.

नेब्रास्कातला_पोट्टा
ताई, पाठवा. मी नेब्रास्कात अशाच शाळेत शिकलो, आमच्या वर्गात वीस-बावीस जण होते. एवढ्या लहान शाळेत कोणी नुसतं बसून राहूच शकत नाही, कारण पोरंच पुरत नाहीत. जी मुलगी व्हॉलीबॉल खेळते तीच बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते आणि तीच नाटकातही असते. अमेरिकन फुटबॉल अकराऐवजी आठ जणांचं खेळतात, कॅन्ससमध्येही लहान शाळांचं तसंच आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी सगळं गाव मैदानावर. मी नागपुरात क्रिकेटच्या टीममध्ये कधी आलो नसतो, तिथे पहिल्याच वर्षी ट्रॅकच्या (धावण्याच्या) टीममध्ये घेतलं.

तिला एफएफएबद्दल नक्की सांगा. १९२८ पासूनची शेतीची विद्यार्थी संघटना आहे, शेतकऱ्याचीच पोरं पाहिजेत असं काही नाही. निळं कॉर्डरॉयचं जॅकेट असतं, पाठीवर सोनेरी धाग्यात राज्याचं आणि गावाचं नाव, समोर आपलं स्वतःचं नाव. माझं अजून कपाटात आहे. भाषण करणं, मीटिंग चालवणं, जनावर पारखणं हे सगळं मी तिथेच शिकलो.

सानिकाची_आई
वरचं सगळं खरं आहे पण आत्याबाई, गणिताकडे आत्ताच लक्ष द्या, मी कळकळीने सांगून राहिली. तिथे साधारण क्रम असा असतो: अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, मग कॅल्क्युलस. नववीत अल्जेब्रा वनपासून सुरू केलं तर बारावीत प्रीकॅल्क्युलसवरच गाडी थांबते, आणि पुढे इंजिनीअरिंगला जायचं असेल तर ते जड जातं. आपल्या आठवीच्या पोरांना त्यातलं बरंच येतं. म्हणून शाळा सुरू व्हायच्या आधीच काउन्सेलरला मेल करा आणि प्लेसमेंट टेस्ट (कोणत्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी परीक्षा) मागा, आपणहून कोणी देईलच असं नाही. एपीचे (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) विषय लहान शाळेत मोजकेच मिळतात, ते ऑनलाइन किंवा जवळच्या कम्युनिटी कॉलेजमधून करता येतात, त्याचे कॉलेजचे क्रेडिटही मिळतात.

फी नाही. ती एच-फोरवर (वडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्यांचा व्हिसा) जाईल, पत्त्याचा पुरावा दाखवला की पब्लिक शाळेत फुकट (पुस्तकं, खेळ वगैरेचे थोडे पैसे कुठे कुठे घेतात). लसीकरणाचं कार्ड आत्ताच नीट करून घ्या, शाळा तेच आधी मागते. जन्माचा दाखला आणि सहावी ते आठवीच्या मार्कशीट बॅगेत नको, हातातल्या पर्समध्ये ठेवा. आणि एक, एच-फोरवर नोकरी करता येत नाही. मैत्रिणी सुट्टीत काम करून पैसे कमावतील, हिला नाही जमणार, हे तिला आधीच समजावून सांगा, नाहीतर तिथे गेल्यावर मन खट्टू होतं.

काटोल_रोड_मास्तर
मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, अमेरिकेला गेलेलो नाही, पण माझी बहीण मिसुरीतल्या खेड्यात शिक्षिका आहे म्हणून लिहितो. बाबांना सांगा, 'सरकारी' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं तसं तिथे नाही. शाळेचा बोर्ड गावातले लोकच निवडून देतात, घर-जमिनीच्या टॅक्समधून शाळेला पैसा जातो, त्यामुळे छत गळलं तर शेतकरी मीटिंगमध्ये उभा राहून जाब विचारतो. कॅन्ससमध्ये तर कमी पटाच्या स्कूल डिस्ट्रिक्टला (एका भागातल्या शाळा चालवणारी संस्था) राज्य पोरामागे जास्तीचा पैसा देतं. इथे आमच्याकडे पट वीसच्या खाली गेला की शाळा दुसरीकडे जोडायची भाषा सुरू होते, म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

एकटेपणाचं मात्र हलक्यात घेऊ नका. तिथली पोरं केजीपासून एकत्र वाढलेली असतात, वाईट वागत नाहीत पण त्यांचा ग्रुप ठरलेला असतो. शिवाय गाडीशिवाय कुठेच जाता येत नाही. बहिणीच्या शाळेत आठवड्याचे चारच दिवस वर्ग असतात, शिक्षक मिळावेत म्हणून तसं केलंय, तर शुक्रवारी पोरी घरीच. कॅन्ससमध्ये १४ व्या वर्षी गाडी चालवायचं शिकाऊ परमिट मिळतं, भावाला सांगा लगेच काढून दे. आणि पहिल्याच आठवड्यात एखाद्या टीममध्ये नाव घालायला सांगा, खेळता येवो न येवो. व्हॉलीबॉलची प्रॅक्टिस ऑगस्टमध्येच सुरू होते, तेव्हा तिकीट जरा आधीचं काढलं तर बरं.

धरमपेठची_आत्या
खूप खूप आभार सगळ्यांचे! हे सगळं बाबांना वाचून दाखवलं, कमी पटाला जास्त पैसा हे ऐकून ते जरा नरमले. भावाला प्लेसमेंट टेस्टसाठी आजच मेल करायला लावते. भाची शाकाहारी आहे, अंडंही खात नाही, दुपारच्या जेवणाचं काय करायचं?

सानिकाची_आई
कॅफेटेरियात बहुतेक बीफ, चिकन, पिझ्झा. घरून डबा न्यायला कोणी अडवत नाही, सानिका पराठा-लोणचंच न्यायची. पण दूध, फळं आणि सॅलड तिथलं घेऊ दे, म्हणजे सगळ्यांसोबत लायनीत उभी राहील. आणि कॅफेटेरियातल्या बाईंना पहिल्याच दिवशी भेटा, लहान गाव आहे, त्या लक्षात ठेवतात.

नेब्रास्कातला_पोट्टा
पीनट बटर सँडविचही चालतं, पण काही शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणा बंद असतो, आधी विचारून घ्या. दाण्याची चटणीही त्यातच आली ताई.