ऑप-अँप बदलल्यापासून व्हॉल्यूमचा नॉब खरखरतो : मदत हवी आहे

रामबागकर (इंदूर)
घरच्या इंटिग्रेटेड अँप्लिफायरच्या प्रीअँप बोर्डावरचा जुना ऑप-अँप (सिग्नल वाढवणारा आयसी) मी गेल्या रविवारी काढला, तेथे सॉकेट सोल्डर केले आणि जेल रोडवरून आणलेला एनई ५५३२ त्यात बसवला. उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित ख्याल ऐकताना दोन स्वरांमधल्या शांततेत मागे जी 'सूं' ऐकू येते, ती कमी व्हावी एवढाच हेतू होता. ती कमी झाली की नाही हे सांगता येत नाही, मात्र तेव्हापासून नॉब फिरवला की दोन्ही स्पीकरांतून खरखर येते आणि हात थांबला की तीही थांबते. आयसी उलटा बसलेला नाही, हे तीनदा तपासले आहे. शनिवारी घरी दहाबारा मंडळी ऐकायला जमणार आहेत, तेव्हा कृपया नेमके काय करायचे ते सांगावे.

माळवी_मिरची (देवास)
नॉब फिरवतानाच खरखर येते, म्हणजे पॉटच्या (नॉबखालच्या बदलत्या रोधाच्या) कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली आहे. पॉट क्लीनरचा स्प्रे आत मारून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा. माझा अँप्लिफायर याच उपायाने गेली कित्येक वर्षे चालू आहे.

रामबागकर
स्प्रे सोमवारीच मारून झाला, काही फरक पडला नाही. शिवाय रविवारी सकाळपर्यंत जो नॉब अगदी गुळगुळीत फिरत होता, त्यात दुपारीच धूळ कोठून येणार?

जुना_सोल्डर (ग्वाल्हेर)
आपण काय बसवले ते लिहिले, पण काय काढले ते लिहिलेच नाही. पॉट किती किलो-ओहमचा आहे, आणि त्याच्या मधल्या टोकापासून आयसीच्या इनपुटपर्यंतच्या वाटेत कपॅसिटर आहे का, हेही कळवावे. त्यावाचून दिलेला सल्ला म्हणजे रोग्याला न पाहता दिलेले औषध.

मैफलप्रेमी (वडोदरा)
नवा ऑप-अँप किमान शंभर तास वाजू द्यावा लागतो, त्याआधी मत बनवू नये. खरे तर ५५३२ वर थांबायलाच नको होते. मी अ‍ॅडॉप्टरवर दोन ओपीए ६२७ बसवल्यापासून तानपुऱ्याची जवारी इतकी मोकळी झाली आहे की शेजारीही विचारतात.

शंकेखोर (इंदूर)
सिलिकॉनला रियाज लागत नाही. कोणता आयसी चालू आहे हे न सांगता, दोन्हींचा आवाज मोजून सारखा ठेवून, दहापैकी नऊ वेळा ओळखून दाखवावे, मग जवारीचे बोलू. रामबागकर, आपल्याला मात्र एक विचारतो : गाणे थांबवून नॉब तसाच ठेवला, तर ती सूं ऐकू येते का?

मैफलप्रेमी
कान असतात त्यांना परीक्षा द्याव्या लागत नाहीत.

रामबागकर
काढलेला आयसी टीएल ०७२ होता. अशा बोर्डांवर तोच असतो, म्हणून लिहिले नव्हते. पॉट १०० किलो-ओहमचा असून त्याची मधली टोके सरळ तीन आणि पाच नंबरच्या पिनांना जोडलेली आहेत, मध्ये काहीही नाही. पुरवठा अधिक-उणे १५ व्होल्ट आहे.

तारजोड (वडोदरा)
चार आणि आठ नंबरच्या पिनांपाशी ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर आहेत का? ते नसतील तर वेगवान ऑप-अँप आतल्या आत ऑसिलेट होऊ लागतो, म्हणजे स्वतःच कंप पावू लागतो.

जुना_सोल्डर
ते कपॅसिटर असावेतच, पण तशा दोषाची खरखर हाताबरोबर सुरू होऊन हाताबरोबर थांबत नाही. कारण आता उघड आहे. टीएल ०७२ च्या इनपुटला जेफेट जातीचे ट्रान्झिस्टर असल्याने त्याचा बायस करंट (इनपुट स्वतः ओढते तो करंट) पिकोअँपिअरमध्ये असतो, तर ५५३२ च्या इनपुटला बायपोलर ट्रान्झिस्टर असून तो साधारण २०० नॅनोअँपिअर घेतो. वाटेत कपॅसिटर नसल्यामुळे हा करंट पॉटमधूनच वाहतो, आणि १०० किलो-ओहमवर त्याचे २० मिलिव्होल्ट डीसी (स्थिर व्होल्टेज) होतात. नॉब फिरला की हे डीसी बदलते, आणि मधला स्पर्श पट्टीवरून सरकताना जेथे जेथे क्षणभर सुटतो तेथे तेथे ते खरखर होऊन बाहेर पडते. पॉटही निर्दोष आहे आणि आयसीही, फक्त त्या मंडलाची आखणी जेफेट गृहीत धरून झालेली आहे. मल्टिमीटरने पिन तीन आणि ग्राउंड यांमधले डीसी मोजावे, ते उणे दिसेल. उपाय म्हणून टीएल ०७२ परत लावावा, किंवा जेफेट इनपुटचाच ओपीए २१३४ घ्यावा, पिना त्याच आहेत. ५५३२ च ठेवायचा असेल, तर प्रत्येक चॅनेलला मधल्या टोकानंतर १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर आणि त्यापुढे इनपुटपासून ग्राउंडला १०० किलो-ओहमचा रोध लावावा.

शंकेखोर
आणि सूंचे काय? ५५३२ चा नॉइज ५ नॅनोव्होल्ट आणि ०७२ चा १८, हे आकडे पाहून लोक आयसी बदलतात. पण या पॉटचे दोन भाग समान असतात तेव्हा इनपुटला २५ किलो-ओहम दिसतात, आणि तेवढ्या रोधाचा स्वतःचाच नॉइज सुमारे २० नॅनोव्होल्ट असतो. त्यात ५५३२ चा करंट-नॉइज (इनपुटच्या करंटमुळे रोधावर उमटणारा) मिळवला की दोन्ही आयसींची बेरीज २७ च्या आसपासच येते, कारण नॉइज सरळ नव्हे, वर्ग करून मिळवावा लागतो. नॉब बराच खाली असेल तरच ५५३२ ला खरा लाभ मिळतो. माझ्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहिले.

रामबागकर
मोजले. नॉब बंद असताना शून्य, पूर्ण उघडल्यावर एका चॅनेलला उणे १७ आणि दुसऱ्याला उणे १४ मिलिव्होल्ट. सॉकेट असल्याने टीएल ०७२ दोन मिनिटांत परत बसला आणि खरखर पूर्ण गेली. जुना_सोल्डर, मनःपूर्वक आभार.

शंकेखोर, आपल्या प्रश्नाचे उत्तर देणे मी टाळत होतो. आज रात्री पंखे बंद करून पाहिले : गाणे थांबवले की सूंही थांबते. खाँसाहेब १९७४ साली गेले, म्हणजे ध्वनिमुद्रणे टेपवरचीच आणि सूंही त्या टेपचीच, हे मला आधी सुचायला हवे होते. ओपीए २१३४ तूर्त मागवत नाही.

माळवी_मिरची
स्प्रे तेलकट होता की कोरडा?