अपस्ट्रीम, पॅच, सपोर्ट : मराठीत काय म्हणावं?

अंधेरी पूर्व
अपाचे एचटीटीपीडी हा वेब सर्व्हर सांभाळायला नव्याने आलेल्या मंडळींसाठी मराठी टिपण करतोय. मदत कुठे मागायची आणि केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पाला कशी द्यायची, एवढाच विषय. 'सपोर्ट'ला 'समर्थन' लिहिलं की निवडणुकीचा वास येतो. 'अपस्ट्रीम'ला, म्हणजे त्या मूळ प्रकल्पाला, 'ऊर्ध्वप्रवाह' लिहिलं तर मलाच दोनदा वाचावं लागतं. आणि 'पॅच'ला 'ठिगळ' चालेल का?

शब्दशः
'सपोर्ट'ला एकच शब्द शोधू नका, वाक्य बघा. 'प्रीफोर्कमध्ये एचटीटीपी/2 सपोर्टेड नाही' याचं मराठी 'चालत नाही' (प्रीफोर्क म्हणजे प्रत्येक प्रोसेसने एका वेळी एकच विनंती हाताळायची पद्धत; 2.4.27 पासून खरंच चालत नाही, जुन्या पद्धतीने मॉड-पीएचपी लावलं असेल तर बहुधा तुम्ही प्रीफोर्कवरच आहात). '2.2 सपोर्टेड नाही' म्हणजे देखभाल बंद. 2017 मध्ये 2.2.34 निघाली आणि ती शाखा संपली. 'सपोर्ट मागा' म्हणजे मदत, 'सपोर्ट विकत घ्या' म्हणजे सेवाकरार. या शेवटच्या दोघांची गल्लत झाली की लोक स्वयंसेवकांना 'अर्जंट आहे, साइट बंद आहे' म्हणून दटावायला लागतात. अपाचे फाउंडेशन सेवाकरार विकत नाही. तो हवा असेल तर लिनक्स वितरण विकणाऱ्या कंपनीकडे जावं.

भांडुपकर
अपस्ट्रीमला 'उगम' म्हणा. पाणी वैतरणेचं, शुद्ध होतं भांडुपला, आणि तुमच्या नळाला येतं ते सोसायटीच्या टाकीतून. टाकीत गाळ असेल तर धरणावर तक्रार नेऊन काय होणार? डेबियन किंवा रेड हॅट या लिनक्स वितरणांनी बांधलेलं पॅकेज म्हणजे मधलं केंद्र. कॉन्फिगच्या फाइली कुठे ठेवायच्या, सेवा कशी सुरू करायची, हे त्यांनी ठरवलेलं असतं. डेबियनवर साइट चालू करायची 'ए2एनसाइट' ही आज्ञा चालत नसेल तर उगमाकडे कोणी उत्तर देणार नाही, कारण ती आज्ञा त्यांची नाहीच.

रात्रपाळी
'उगम' आवडला, पण 'उगमाला पाठवा' कानाला खटकतं. 'मूळ प्रकल्प' लिहा. आणि 'बॅकपोर्ट' टिपणात हवाच, सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. रेड हॅट 7 मध्ये शेवटपर्यंत आवृत्ती 2.4.6 दिसायची, म्हणजे मूळ प्रकल्पाची 2013 ची. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र नव्या आवृत्त्यांमधून काढून तिच्यात बसवलेल्या असायच्या. सुरक्षा तपासणारा स्कॅनर नुसता आवृत्तीचा आकडा वाचतो आणि लाल यादी काढतो. ती यादी मूळ प्रकल्पाकडे नेऊ नका. आरपीएमच्या (रेड हॅटच्या पॅकेजच्या) चेंजलॉगमध्ये त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक शोधा; सापडला तर दुरुस्ती आलेली आहे.

अंधेरी पूर्व
मराठीत 'मागील दुरुस्ती' लिहू?

शब्दशः
'मागील' म्हणजे आधी झालेली, उलटाच अर्थ होईल. बॅकपोर्टच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे एका ओळीत समजवा.

रात्रपाळी
मदत मागताना काय द्यायचं तेही टिपणात घाला. एचटीटीपीडीला मोठ्या लिपीतला व्ही देऊन येणारा मजकूर (आवृत्तीबरोबर एमपीएमही, म्हणजे प्रीफोर्कसारखी विनंत्या हाताळायची पद्धत, कळते), मोठ्या एसने येणारी व्हर्च्युअल होस्टची (सर्व्हरवरच्या वेगवेगळ्या साइटची) यादी, कॉन्फिग तपासणाऱ्या कॉन्फिगटेस्टचा निकाल, कॉन्फिगचा संबंधित तुकडा आणि एरर लॉगच्या ओळी जशाच्या तशा. ओळीतला 'एएच'ने सुरू होणारा क्रमांक कापू नका, शोध त्यावरच लागतो. एएच01630 म्हणजे कॉन्फिगने प्रवेश नाकारला. बरेचदा 2.2 च्या काळातलं 'ऑर्डर, अलाऊ, डिनाय' तसंच राहिलेलं असतं आणि 2.4 ला 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' हवं असतं. एएच00072 म्हणजे पोर्ट मिळालं नाही, बहुतेक वेळा दुसरंच काहीतरी 80 वर बसलेलं असतं. अजून एक: अ‍ॅक्सेस लॉगच्या नेहमीच्या ओळीत +0530 असतं, एरर लॉगच्या मूळ साच्यात नसतं. वेळ मुंबईची आहे हे लिहा.

भांडुपकर
पासवर्ड नि खाजगी किल्ली झाका, पण डोमेनचं नाव बदलताना सगळीकडे एकसारखं बदला. अर्धवट बदललेल्या कॉन्फिगमध्ये लोक नसलेली चूक शोधत बसतात. आणि सुरक्षेचं भगदाड सापडलं तर ते चारचौघांत मांडायचं नाही, प्रकल्पाच्या सुरक्षा गटाला खाजगीत कळवायचं.

शब्दशः
आता ठिगळ. मला नको. ठिगळ फाटक्यावर लावतात, आणि पॅचमध्ये नवी सोयही असू शकते. केलेलं काम म्हणजे 'दुरुस्ती' किंवा 'बदल', ते पाठवायची फाइल म्हणजे 'पॅच'. 'काँट्रिब्यूशन'लाही 'योगदान' नको, शाल-श्रीफळ आठवतं. 'हातभार' लिहा.

रात्रपाळी
सहमत. पॅच ट्रंकवर, म्हणजे विकासाच्या मुख्य शाखेवर बेतलेला, युनिफाइड डिफ (बदललेल्या ओळी दाखवणाऱ्या) स्वरूपात. पत्राच्या मजकुरात चिकटवला तर ओळी तुटतात आणि पॅच बसत नाही, जोडफाइल करा. ओळ आत सरकवायला चार स्पेस, टॅब नाही. बदल आधी ट्रंकमध्ये जातो, मग 2.4 साठी स्टेटस फाइलीत प्रस्ताव, त्याला तीन '+1' लागतात.

शब्दशः
त्या '+1'ला सभेच्या इतिवृत्तातलं 'अनुमोदन' अगदी चपखल. '-1' म्हणजे नकाराधिकार. तिथे तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नुसता नकार धरत नाहीत.

अंधेरी पूर्व
ज्यांना सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही त्यांनी?

रात्रपाळी
दस्तऐवज. पण एचटीएमएल फाइल सुधारून पाठवू नका, ती एक्सएमएलवरून तयार होते आणि पुढच्या वेळी तुमचा बदल पुसला जातो. एक्सएमएलच सुधारा. भाषांतर करायचं तर मूळ फाइलीच्या नावापुढे भाषेचं चिन्ह लागतं, मराठीचं 'एमआर'. वर इंग्रजी मजकुराचा रिव्हिजन क्रमांक टिपणीत लिहायचा. मूळ पुढे गेलं की पानावर 'भाषांतर जुनं असू शकेल' अशी सूचना त्यावरूनच लागते. म्हणून एकदम दहा पानं घेऊ नका. सांभाळता येईल असं एक घ्या.

भांडुपकर
मॉड-रीराइटचं (यूआरएल बदलणारं ते किचकट मॉड्यूल) सोडून कुठलंही.