जुन्या लॅपटॉपला एसएसडी: पैसे सार्थकी की पाण्यात?

हरिपूरकर
सांगलीत सध्या कुठल्याही दुकानात जुना लॅपटॉप घेऊन जा, "हा आता संपला, नवा घ्या" हेच ऐकायला मिळतं. मला हे पटत नाही. लॅपटॉप रखडतो तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कमुळे, आणि खापर फुटतं प्रोसेसरवर.

लॅपटॉपची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे फिरते. हवी ती जागा गाठायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभरेक वाचनं. विंडोज सुरू होताना तर हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात. साधी साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, हेच काम सेकंदाला हजारोंच्या हिशेबात करते, कारण तिच्यात फिरणारं काही नसतंच. टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर निवांत, असं दिसलं तर दुखणं कुठं आहे ते कळलं. चांगल्या स्थितीतलं मशीन भंगारात घालायला लावणं हा ग्राहकावर अन्याय आहे.

मिरज_जंक्शन
दादा, वेगाबद्दल वाद नाही. पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनमध्ये एसएसडी घालून ते पळेल, पण सुरक्षा अपडेटचं काय? त्याच मशीनवर लोक जीएसटीचं रिटर्न भरतात, बँक उघडतात. शिवाय एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडी दोन्ही महागले. तेच पैसे आठव्या पिढीच्या सेकंडहँड मशीनकडे वळवावेत.

हरिपूरकर
घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे, हेही सांगा की. आणि सी, पायथन शिकणाऱ्या पोराला विंडोजच कशाला हवं? विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. एसएसडी तर वाया जातच नाही, पुढच्या मशीनमध्ये हार्ड डिस्कची अडीच इंची जागा असेल तर काढून तिथं बसवता येते.

यार्डातला_हिशेबनीस
पोरांचं ठीक आहे, पण आमचं टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर, लिनक्सवर कसं चालवायचं? माझा विरोध आणखी एका कारणानं आहे. हार्ड डिस्क जाताना बऱ्याचदा कटकट करते, अडखळते, हाताशी थोडा वेळ मिळतो. एसएसडी मात्र काल चालू होती आणि आज दिसतच नाही, असं होऊ शकतं. ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा एसएसडीनं आपणहून रिकामी करण्याची सोय) चालू असेल तर चुकून पुसलेली फाइलही परत मिळणं कठीण. अडत दुकानाचा वर्षभराचा हिशेब अशा वस्तूच्या भरवशावर ठेवायला माझं मन धजत नाही.

हरिपूरकर
तुमची भीती खरी आहे. पण हिशेब एकाच डिस्कवर ठेवणं हाच मुळात धोका, मग ती कुठलीही असो. ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचं पाणी दुकानांत शिरलं तेव्हा आपण हे पाहिलंय. काढलेली हार्ड डिस्क यूएसबीनं जोडायच्या डबीत घालून बॅकअपला वापरा आणि ती दुकानात नको, घरी ठेवा. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप घेतला तर एसएसडी गेली तरी फार तर एका दिवसाच्या नोंदी पुन्हा कराव्या लागतील.

विश्रामबाग_हार्डवेअर
मी हे काम रोज करतो. आधी मॉडेल नंबरावरून जागा तपासा. एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच दिसली म्हणून लोक एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी, घेऊन येतात आणि ती खाच फक्त साटाची निघते, मग चालत नाही. अडीच इंचीत ७ मिलिमीटर जाडीची जवळपास सगळीकडे बसते. क्लोन करण्याआधी, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नव्यावर उतरवण्याआधी, बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) बंद करा, नाहीतर रिकव्हरी की शोधत बसाल. अनोळखी नावाची स्वस्त एसएसडी मी कुणाला बसवून देत नाही. चांगल्या कंपनीच्या २५० जीबीवर एकूण १००-१५० टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी) लिहिण्याची हमी मिळते. टॅली आणि ब्राउझरवाल्याला तेवढं लिहायला कित्येक वर्षं लागतील.

पण रॅम चारच जीबी आणि तीही बोर्डावर डकवलेली, म्हणजे बदलता न येणारी असेल, तर मी गिऱ्हाइकाला खर्च करू नका असंच सांगतो.

मिरज_जंक्शन
इथं मी सहमत. आठ जीबी रॅम आणि आठवी पिढी असेल तर खुशाल एसएसडी घाला. त्याखालच्या मशीनवर बँकेचं काम नको, हे माझं मत कायम आहे.

हरिपूरकर
बँकेचं सोडा, अभ्यासाला तरी चालेल ना? मग ते भंगार कसं?